बेळगावाहून एका दिवसाची भटकंती: आधी जेवण आणि परतीची गाडी ठरवा, ठिकाणं नंतर

"सकाळी हलशी, वाटेत नंदगड, मग असोगा, वेळ उरला तर कित्तूर, आणि जेवण काय, कुठंतरी करू." रविवारचा हा बेत आपल्याकडे घरोघरी ठरतो आणि घरोघरी त्याच ठिकाणी फसतो. घरातून निघायलाच अकरा वाजतात. देवळात पोचेपर्यंत पुजारी पूजा आटोपून घरी गेलेले असतात. अडीचला खानावळीत शिराल तर भाकऱ्या संपलेल्या. आणि संध्याकाळी फाट्यावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा.

यात ठिकाणांचा काही दोष नाही. बेत उलट्या टोकाने केलेला असतो. आडगावच्या सहलीत दोनच गोष्टी आपल्या हातात नसतात: जेवण कधी मिळेल आणि परतीची गाडी कधी सुटेल. म्हणून आधी त्या ठरवायच्या आणि ठिकाणं उरलेल्या वेळात बसवायची. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. एखादा टप्पा लहान वाटला म्हणून गाळू नका.

१. ऋतू पाहून दिशा निवडा, आणि एका दिवसाला एकच दिशा

आपल्या जिल्ह्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा आहे आणि पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. जुलैमध्ये जांबोटी-कणकुंबीला दिवसभर धो धो चालू असतो, समोरची गाडी दिसत नाही असं धुकं असतं, आणि त्याच दिवशी गोकाककडे बऱ्याचदा नुसतं ढगाळ असतं. गंमत अशी की गोकाकच्या धबधब्याला येणारं पाणी घाटातूनच येतं. म्हणजे भर पावसाळ्यात पूर्वेकडे गेलात तर धबधबा भरलेला आणि रस्ता बरा, असं दोन्ही साधतं.

म्हणून जुलै ते सप्टेंबर पूर्वेकडे जा: गोकाक आणि गोडचिनमलकी. पावसाने जरा उघडीप दिली की सोगल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दक्षिण आणि पश्चिम धरा: खानापूर, नंदगड, हलशी, देगाव, कणकुंबी. एप्रिल-मेमध्ये लांबचा बेत करूच नका. राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ पहाटे गाठायचा आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. वैजनाथ चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतो, पण बेळगावकरांना तो खानापूरपेक्षा जवळ आहे.

एका दिवसात दोन दिशा जोडायच्या नाहीत. नकाशावर गोकाक आणि सौंदत्ती शेजारी दिसतात, म्हणून दोन्ही एकत्र घालणारे दिवसभर गाडीतच बसून राहतात.

तपासा: गोकाकचा धबधबा घटप्रभेवर आहे. त्याच्या वर हिडकलचं धरण आणि धुपदाळचा बंधारा आहे. पाऊस ओसरला की धबधब्याला किती पाणी येणार ते धरणातून किती सोडतात यावर अवलंबून असतं. गोडचिनमलकी मार्कंडेय नदीवर आहे, तिचं गणित वेगळं. निघायच्या आदल्या दिवशी पेपरात धरणाच्या विसर्गाची बातमी बघा. डिसेंबरात न विचारता गोकाकला गेलात तर बहुधा ओला कातळ बघून परत याल.

२. जेवणाची जागा आणि वेळ पक्की करा

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडच्या चांगल्या खानावळी हायवेवरच्या हॉटेलसारख्या दिवसभर चालत नाहीत. बारा-साडेबाराला ताटं सुरू होतात. दोनच्या पुढे जे उरलं असेल ते, आणि तीनला चूल विझलेली असते. भाकरी आधीच करून रचून ठेवलेली नसते. माणूस बसला की थापायची, तव्यावरून थेट ताटात, हीच या खानावळींची रीत आणि हीच त्यांची चव. दहा जणांचा घोळका न सांगता दीडला आत शिरला, तर भाकऱ्या थापणाऱ्या एकट्या बाईने काय करावं? मग पहिल्याला दोन भाकऱ्या मिळतात, शेवटच्याला भात, आणि सगळे म्हणतात, "इथं काही खरं नाही."

म्हणून असं करा. चारपर्यंत माणसं असतील तर साडेबाराला पोचाल असा बेत आखा, म्हणजे न सांगताही चालतं. पाच किंवा जास्त असाल तर आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, किती वाजता आणि काय हवं ते सांगा. नंबर नसेल तर त्याच गावातल्या किराणा दुकानदाराकडून किंवा ओळखीच्या वडापवाल्याकडून (वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप) मिळतो. शाकाहारी किती आणि मांसाहारी किती हेही आधीच सांगून ठेवा. श्रावणात आणि सोमवारी कितीतरी ठिकाणी मटण-कोंबडी होत नाही. गावठी कोंबडी तर आयत्या वेळी मागितली तर मिळत नाही, आणि मिळाली तर ती गावठी नसते.

कुठल्या दिशेला काय खायचं हेही आधीच ठरवा. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडे ज्वारीचं ताट मागा: गरम किंवा कडक भाकरी, भरलं वांगं, मोडाची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, दही, कच्चा कांदा. तिथे पंजाबी भाजी मागणं म्हणजे त्या स्वयंपाकघराला जे येत नाही तेच मागणं. खानापूर, जांबोटीकडे भाताचा मुलूख लागतो. तिकडे तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि भात हे खरं जेवण.

सावधान: पावसाळ्यात खानापूरच्या वाटेवर अळंबी विकायला बसतात. चव अप्रतिम, पण ओळख असल्याशिवाय घेऊ नका. रानात स्वतः उपटून आणलेली तर अजिबात शिजवू नका.

३. परतीची वाट ठरवा

बसने जाणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे वस्तीच्या गाडीवर भरवसा ठेवणं. स्टँडवर चौकशी करताना आपण विचारतो, "हलशीला शेवटची गाडी कधी?" उत्तर मिळतं, संध्याकाळची. आपण निर्धास्त होतो. पण ती गाडी गावात मुक्कामाला जाते आणि सकाळी परत फिरते. विचारायचं ते असं: "हलशीहून खानापूरला शेवटची गाडी कधी सुटते, आणि खानापूरहून बेळगावला कधी?" दोन्ही वेळा कागदावर लिहून घ्या. मग शेवटची गाडी सोडून तिच्या आधीची आपली समजा. शेवटची हाताशी राखून ठेवायची.

स्टँडवरच्या नियंत्रकाला विचारलेली वेळ मोबाइलवर शोधलेल्या वेळेपेक्षा खरी. आणि उतरताना कंडक्टरला पुन्हा एकदा विचारा, कारण रविवारी आणि शाळेच्या सुटीत काही फेऱ्या रद्द होतात. वडाप मिळेल या आशेवर राहायचं असेल तर अंधाराआधीपर्यंतच. नंतर फाट्यावर वडाप येत नाही.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचता येत नसेल तर ज्या दोन-तीन गावांना जायचं आहे त्यांची कन्नड लिपीतली नावं मोबाइलवर फोटो म्हणून ठेवा आणि कन्नड आकडे एका संध्याकाळी शिकून घ्या. फार उपयोगी पडतात. नावांची रूपंही बदलतात: आपलं सौंदत्ती पाटीवर सवदत्ती असतं, हलशीचं हलसी होतं. नकाशावर एक रूप सापडलं नाही तर दुसरं टाका. बैलहोंगलच्या पुढे मराठी कमी होत जाते. तिथे "ऊटा ऐतेन्री?" म्हणजे जेवण आहे का, आणि "कोने बस येष्टक्क?" म्हणजे शेवटची बस किती वाजता, एवढं आलं तरी समोरचा माणूस हसून पुढचं सगळं सांगतो.

महिलांसाठी: शक्ती योजनेखाली ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्यातल्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा आणि शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या. आंतरराज्य गाडीला ही सवलत धरू नका. या योजनेमुळे सुटीच्या दिवशी देवस्थानांकडे जाणाऱ्या गाड्या खच्चून भरतात, म्हणून पहिली गाडी धरणं जास्तच गरजेचं.

रेल्वेने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: गोकाक रोड स्थानक गोकाक गावात नाही. तिथून पुढे गाडी पकडावी लागते आणि तो वेळ हिशेबात धरावा लागतो. खानापूरला मात्र रेल्वे सोयीची आहे.

४. दिनदर्शिका आणि परवानगी बघा

तारीख ठरवण्याआधी पाच मिनिटं दिनदर्शिका चाळा. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला प्रचंड गर्दी असते. दर्शनासाठी जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण नविलतीर्थ धरण किंवा सोगल बघायचं असेल तर ते दिवस टाळा. नंदगडला कित्तूरचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी झाली, आणि त्यांचा जन्म १५ ऑगस्टचा. त्यामुळे आपल्या हक्काच्या या दोन्ही सुट्यांना नंदगडात कार्यक्रम आणि गर्दी असते. कित्तूरचा उत्सव ऑक्टोबरात २३ ते २५ दरम्यान. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगाव शहरातून गाडी बाहेर काढणं आणि परत आणणं, दोन्ही कठीण. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये (बेळगावातलं विधानसौध) विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हलगा-बस्तवाडजवळ हायवेवर मोर्चे आणि बंदोबस्त असतो. कित्तूरला जाणाऱ्यांचा रस्ता तोच आहे, तेव्हा पहाटेच तो टप्पा ओलांडा. आणि सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की आंतरराज्य बस सीमेवरच थांबतात. चंदगड किंवा कोल्हापूरकडून येणाऱ्या पाहुण्यांना बोलावलं असेल तर आदल्या रात्री चौकशी करा.

पश्चिमेकडचं जंगल ही वेगळी गोष्ट आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. त्या पट्ट्यातले धबधबे रानात आहेत आणि पावसाळ्यात वनखातं तिथे जायला बंदी घालतं. मोबाइलवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ बघून वज्रपोहा धबधब्याकडे निघणारे खानापूरच्या पुढे अडवले जातात किंवा दंड भरून येतात. आधी खानापूरच्या वन कार्यालयात विचारा. परवानगी नसेल तर जांबोटी रस्त्यानेच कणकुंबीला जा, माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम बघा. तिथे कुणी अडवत नाही, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही तो रस्ता जाण्यासारखा आहे.

सावधान: या पट्ट्यात गवे आणि अस्वलं आहेत. दुचाकीवर असाल तर अंधार पडायच्या आत जांबोटीच्या अलीकडे आलेलं असलं पाहिजे.

५. पिशवी

थोडक्यात सांगतो. सुट्ट्या नोटा, कारण रेंज नसली की मोबाइलचे पैसे चालत नाहीत. बॅटरी, कारण जुन्या देवळांच्या गाभाऱ्यात अंधार असतो. पाणी माणशी दोन लिटर. सहज काढता येतील अशी पण कातळावर न घसरणारी पादत्राणं. कोरडा सदरा. पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरात भरून घ्या, जांबोटीच्या पुढे पंप शोधत बसू नका. नकाशा निघण्याआधी मोबाइलवर उतरवून ठेवा.

६. दिवसाचा क्रम लावा: हलशीचं उदाहरण

नियम तीन. जिथे चालायचं किंवा चढायचं आहे ते सकाळी. जिथे कुलूप असू शकतं ते दुपारच्या आत. नदीकाठ आणि खरेदी शेवटी.

आता हे हलशीला लावून बघू. बेळगाव ते खानापूर साधारण २६ किलोमीटर आणि खानापूर ते हलशी १४-१५. बहुतेक जण नंदगड वाटेत म्हणून आधी तिथे थांबतात, चहा घेतात, फोटो काढतात आणि हलशीला भर दुपारी पोचतात. तसं करू नका. सहा-साडेसहाला बेळगाव सोडा, खानापूरला नाश्ता करा आणि थेट हलशी गाठा.

हलशी ही कदंब राजांची जुनी राजधानी, पलाशिका. आज ते एक साधं शेतकरी गाव आहे. मुख्य देऊळ भूवराह नरसिंहाचं. आत गेल्यावर घाई करू नका: या देवळाला समोरासमोर दोन गाभारे आहेत, आणि लोक एकाचं दर्शन घेऊन मागे न वळताच बाहेर पडतात. मंडपाच्या मध्यावर उभे राहा. एका बाजूला पृथ्वीला उचलून धरलेला वराह, वळलात की दुसऱ्या बाजूला बसलेला विष्णू. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढी द्या. बॅटरी लावायची तर पुजाऱ्यांना विचारून, आणि मूर्तीवर थेट झोत न मारता बाजूच्या भिंतीवर. मग कोरीव काम आपोआप उठून दिसतं. सकाळच्या पूजेच्या वेळेत गेलात तर दार उघडं असतं आणि पुजारी स्वतः माहिती सांगतात. उशीर झाला तर किल्ली शोधत गावात फिरावं लागतं.

त्यानंतर गावातली बाकीची देवळं पायी बघा: गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर, कल्मेश्वर आणि जैन बसदी (जैन मंदिर). ती विखुरलेली आहेत आणि बहुतेक गाड्या मुख्य देवळापासूनच परत फिरतात. एका पोराला किंवा आजोबांना सोबत घ्या, नुसता रस्ता विचारून भागत नाही. देवळं घरांच्या आणि शेतांच्या मधे आहेत. उभ्या पिकातून वाट काढू नका, बांधावरून जा.

साडेअकराला हलशी सोडा, नंदगडात रायण्णांच्या समाधीपाशी थांबा आणि साडेबारा-एकला खानापूरच्या आसपास जेवायला बसा. दुपारनंतर असोगा, मलप्रभेच्या काठचं रामलिंगेश्वराचं देऊळ. सावली आहे, बसायला जागा आहे, जेवणानंतर तेवढंच हवं असतं. पाचला निघालात तर बसने जाणारेसुद्धा उजेडात बेळगावात.

स्वतःची गाडी असेल आणि कित्तूरकडे जायची फारच ओढ असेल, तर नंदगड आणि असोगा सोडा आणि हलशीहून बिडीमार्गे कित्तूर, तिथून जवळच देगावचं कमलनारायण मंदिर, असा फेरा करा. जेवण कित्तूरला. देगावला तीन गाभारे एका ओळीत आहेत आणि बाहेरच्या दगडी कामासाठी दुपारनंतरचा तिरपा उजेड चांगला. पण मग दिवसात दुसरं काही घालू नका.

तपासा: तुमच्या बेतात साडेबारा ते एकच्या दरम्यान तुम्ही जेवणाच्या जागेपासून अर्ध्या तासाच्या आत आहात का? नसाल तर ठिकाणांचा क्रम बदला. जेवणाची वेळ पुढे ढकलू नका.

७. ताटावर बसल्यावर

आधी एकच भाकरी मागा आणि संपत आली की पुढची सांगा. सगळ्या एकदम मागितल्या तर शेवटच्या दोन गार खाव्या लागतात. लाल मिरचीची चटणी ताटात डावीकडे कोपऱ्यात एवढीशी असते. तिच्यावर दही किंवा तेल घालून घ्या आणि मगच तोंडाला लावा. लहान मुलांसाठी दही-भात आधीच सांगून ठेवा, शेवटी भात संपलेला असतो.

ताट अमर्याद असलं तरी टाकू नका. आणि उठताना "जेवण बरं झालं हो" म्हणताना आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणा, गल्ल्यावरच्या माणसाला नाही.

८. पाण्याजवळ

इथे चुकीला माफी नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि हब्बनहट्टी, असोगा करत खाली येते. वर घाटात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतं. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ पावसाळ्यात पाण्याखाली जातं, यावरून नदीचा अंदाज घ्या. पाणी गढूळ होऊ लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला, की सामान गोळा करत न बसता काठ सोडा.

गोकाकला सुमारे ५२ मीटर उंचीवरून पाणी पडतं. धबधब्याच्या माथ्यावरचा कातळ दिसायला कोरडा असतो, पण शेवाळ वाळलेलं असतं आणि तुषार पडले की लगेच निसरडं होतं. पाण्याच्या कडेपासून लांब राहा, फोटो समोरच्या बाजूने काढा, तो तसाही जास्त चांगला येतो. झुलत्या पुलावर सोडत आहेत का ते तिथल्या माणसाला विचारा. कुलूप असेल तर वळसा घालून चढू नका. गोडचिनमलकीला पाणी दोन टप्प्यांत पडतं आणि खालच्या टप्प्याकडे उतरायचा मोह होतो. जोराचं पाणी असेल तर वरूनच बघा.

पोहता येतं म्हणून डोहात उतरायचं नाही. या डोहांत खाली कपारी असतात. काही झालंच तर ११२ लावा आणि रेंज नसेल तर एकाने धावत जवळच्या वस्तीकडे जावं. सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकायच्या नाहीत.

९. घरी काय न्यायचं

गोकाकहून करदंट घ्यायचा. डिंक, सुका मेवा आणि गुळाचा हा पदार्थ चांगला टिकतो, म्हणून दिवसाच्या कुठल्याही वेळी घेतला तरी चालतो. घ्यायच्या आधी तुकडा मोडून बघा, नुसता गूळ दाताला चिकटला आणि डिंक जाणवलाच नाही तर दुसरं दुकान बघा. बैलहोंगल-सौंदत्तीकडून कडक भाकऱ्या आणि कोरड्या चटण्या आणा. भाकऱ्या कागदात गुंडाळून पिशवीत सगळ्यात वर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधल्या की मऊ पडतात.

बाहेरगावच्या पाहुण्यांना कुंदा द्यायचा असेल तर तो सकाळी घेऊन दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुधाचा पदार्थ आहे, उन्हाने जातो. परत आल्यावर बेळगावातच घ्या आणि रात्री फ्रीजमध्ये ठेवा. मांडे घ्यायचे असतील तर तेही शेवटीच, आणि मांडीवर धरून न्यायची तयारी असेल तरच. कागदासारखे पातळ असतात, डिकीत ठेवले की घरी चुरा पोचतो. आणि चोर्ला घाटाच्या बाजूने फिरून येत असाल तर गोव्याच्या बाटल्या गाडीत ठेवू नका. कणकुंबीच्या नाक्यावर अबकारी खातं गाड्या तपासतं, आणि तिथे गेलेला एक तास तुमच्या परतीच्या उजेडातला असतो.